कळंबची प्रत

निघायच्या दिवशी आमच्या संपादकांनी मला एवढंच सांगितलं, "परवानगी आणलीत तर मासिकाची शेवटची चार पानं तुमची. नाही आणलीत तर तिथं कोडी छापतो. मुलांना कोडी आवडतात." आणि ते पुन्हा मुद्रितं तपासायला लागले. एवढा आशीर्वाद घेऊन मी पुणं सोडलं.

मासिक मुलांचं आहे आणि त्यात मी चित्रकथा लिहितो. म्हणजे नक्की काय करतो, हे मला दर लग्नात आणि दर मुंजीत समजावून सांगावं लागतं. चित्रं मी काढत नाही, ती माझा मित्र सदू काढतो. मी गोष्ट रचतो, कुठल्या चौकटीत काय दिसावं ते ठरवतो आणि चौकटीखालच्या दोन-दोन ओळी लिहितो. "दोनच ओळी?" असं म्हणून लोक जिलबीच्या ताटाकडे वळतात. मला राग येतो, पण जिलबी मलाही हवी असते.

आता परवानगी कसली, ते सांगतो. नानासाहेब वाघोलीकर हे नाव ज्यानं लहानपणी उशाखाली ठेवलं नाही, तो माणूस माझ्या मते लहान कधी नव्हताच. त्यांची 'नागझरीचा किल्लेदार' मी अकराव्या वर्षी वाचली. वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सुरू केली आणि गणिताचा पेपर सुरू झाला तेव्हा मी मनानं शिलेदार हैबतबरोबर बुरुजावर होतो. निकाल काय लागला ते विचारू नका. त्या हैबतची चित्रकथा करायची, असं मी आणि सदूनं ठरवलं. नानासाहेबांना तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर नाही. ते पुण्या-मुंबईच्या सभांना जात नाहीत, घरी गेलेल्यांना भेटत नाहीत, अशी त्यांची ख्याती. आणि तेवढ्यात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बातमी दिसली: निजामाच्या मुलखात, कळंब गावी, तिथल्या वाचनालयानं नानासाहेबांच्या वाचकांचं संमेलन भरवलं आहे आणि खुद्द नानासाहेब येणार आहेत. पुण्याला न येणारा माणूस कळंबला जातो म्हणजे काय? मी त्याच दिवशी ट्रंक काढली.

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून मी बार्शीच्या छोट्या गाडीत बसलो. पौषातली थंडी होती आणि डब्यातले सगळे जण घोंगड्यात शिरून बसले होते. ही गाडी इतकी सावकाश जाते, की समोरचा म्हातारा मधेच उतरून रुळाकडेच्या शेतातली हरभऱ्याची डहाळी उपटून पुन्हा चढला आणि अर्धी त्यानं मला दिली. "खा, पाव्हणं. गाडी काय पळून जात न्हाय," तो म्हणाला. बार्शी मागं पडल्यावर चढण लागते, झाडी दाट होते आणि इंजिन कण्हायला लागतं. डब्यातले लोक बाहेर बघत होते. मग झाडी संपली आणि येडशी आली. इंग्रजांचा मुलूख संपून निजामाचा सुरू.

स्टेशनवर करोडगिरी (जकात) होती. तिथल्या कारकुनानं माझी ट्रंक उघडली. धोतरं, सदरे, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणि खाली नमुन्यादाखल सदूनं काढलेली बारा पानं. ती त्यानं उजेडाकडे धरली.

"ये क्या है जी? किताब है के तस्वीर है?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्ही का खाना नै है." म्हणजे त्याच्या वहीत दोन्हींसाठी रकाना नव्हता. पुस्तकाचा वेगळा, तसबिरीचा वेगळा. त्यानं बाराही पानं पुढून मागून पाहिली, सहकाऱ्याला दाखवली, दोघांची चर्चा झाली आणि शेवटी त्यानं लिहिलं: 'कागद, मामुली.' मी काय करतो हे मला आजवर कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

कळंबची मोटार दुपारची होती. तोवर रामलिंगाचं दर्शन घ्यावं, असं स्टेशनमास्तरांनी सुचवलं. दरीत उतरलेली गर्द झाडी, तळाशी महादेवाचं देऊळ, पाण्याचा खळखळाट आणि माणसांपेक्षा माकडं जास्त. मी पायरीवर बसून लाडवांचा डबा उघडला मात्र, एक दांडगं माकड आलं, डबा घेतला आणि समोरच्या फांदीवर जाऊन माझ्याकडे बघत बघत एकेक लाडू संपवला. मी ओरडलो, दगड उचलला, तर पुजारी म्हणाले, "राहू द्या. देवाच्या वाटंला आला होता तो डबा." डबा मात्र माकडानं प्रामाणिकपणे खाली टाकला. त्याला पोचा आला आहे आणि घरी त्याची वेगळी गोष्ट सांगितली आहे.

येडशीहून कळंबपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारीच ज्वारी. कणसं हुरड्याला आलेली, मधे करडईचे पट्टे आणि क्षितिजापर्यंत काळी जमीन. मोटार एका शेताशी थांबली. ड्रायव्हरचा भाऊबंद तिथं हुरडा भाजत होता, म्हणून सगळ्या उतारूंनी उतरून हुरडा खाल्ला. गरम हुरडा, लसणाची तिखट चटणी आणि गूळ. कुणाला घाई नव्हती. मला होती, पण पहिला घास तोंडात गेल्यावर मलाही राहिली नाही.

कळंबला वाचनालयाचे चिटणीस बसलिंगप्पा मला न्यायला आले होते. पन्नाशीचे, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गळ्यात लिंग. मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) त्यांचं भुसाराचं दुकान. माझी उतरायची सोय त्यांच्याच, म्हणजे अप्पांच्याच, घरी होती. बाजरीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, काळीभोर) आणि वर कच्चा कांदा. दोन घास खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी आलं. अप्पांच्या कारभारणीनं शांतपणे ताटात दही वाढलं.

"वाचनालय कुठं आहे?" मी विचारलं.

"ते काय," म्हणून अप्पांनी भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं. कोनाड्यात सतरा पुस्तकं.

मग त्यांनी इथली रीत सांगितली. शाळा सगळी उर्दूत. मराठी पुस्तक मिळणं मुश्कील आणि मिळालं तरी एकच प्रत. ती एकाच्या घरी गेली तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून कळंबात पुस्तक घरी नेत नाहीत. दिवेलागणीच्या आधी मोंढ्यातल्या छपराखाली अप्पा बसतात आणि मोठ्यानं वाचतात. हमाल, सोनार, तांबोळी, बायाबापड्या, सगळे ऐकतात. पुस्तक फडक्यात बांधून अप्पांच्याच ताब्यात राहतं. 'नागझरीचा किल्लेदार' असा चाळीस संध्याकाळी वाचून झाला आणि लोकांनी हट्ट धरला, की लिहिणाऱ्याला बघायचं. नानासाहेबांना पत्र गेलं, त्याच्याखाली ऐंशी जणांची निशाणी. त्यात तीस सह्या आणि पन्नास अंगठे.

"सभेला सरकारची इजाजत लागते," अप्पा म्हणाले. "वाचनालाबी लागती. इजाजतीत लिवलंय, छापील पुस्तक वाचायचं, त्याच्याबाहिर एक शब्द बोलायचा न्हाय. त्याच्यासाठी अमीनसाहेब (फौजदार) रोज येऊन बसायचे. चाळीस दिवस."

हे सांगताना अप्पांचा चेहरा जरा उतरला होता. तेव्हा मला कारण कळलं नाही.

नानासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी कल्पना केली होती, की मिशा असतील, आवाज घुमत असेल. छकड्यातून उतरला तो एक बुटका, कानटोपी घातलेला, तपकिरीनं नाक लाल झालेला माणूस. पहिलं वाक्य म्हणाले, "ऊन पाणी आहे का?" मी वाकून नमस्कार केला. वीस वर्षं ज्याचं बोट धरून चाललो तो माणूस समोर उभा, आणि मला सुचलं काय, तर, "प्रवास कसा झाला?"

"हाडं मोजून घ्यायची आहेत," ते म्हणाले. "आपण कोण?"

मी नाव सांगितलं. तीन पत्रांची आठवण दिली.

"हां. ते चित्रवाले." त्यांनी चिमूट ओढली. "अहो, चित्रकथा म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांची सोय. माझ्या पुस्तकातला स्वल्पविराम मी छापणाऱ्याला हलवू दिलेला नाही. आणि तुम्ही त्याच्या चौकटी पाडणार? पाणी तापलं का हो?"

एवढं बोलून ते आत गेले. मी अंगणात उभाच. मग मी स्वतःला समजावलं, की दमलेत बिचारे. अंघोळ होऊ दे, पोटात धपाटं जाऊ दे, मग पुन्हा विचारू.

एवढ्यात अप्पांनी मला दुकानात बोलावलं. दार लोटून घेतलं. ज्वारीच्या पोत्यावर बसवलं, चहा दिला आणि स्वतः उभेच राहिले. हातात फडक्यात बांधलेलं ते पुस्तक.

"पाव्हणं, तुमी लिवणारे हाव. तुमाला सांगतो. म्या लई मोठा गुन्हा करून बसलोय."

त्यांनी फडकं सोडलं. 'नागझरीचा किल्लेदार.' बार्शीच्या जुन्या बाजारातून आलेली प्रत. शेवटची तीसेक पानं नाहीत! हैबत बुरुजावर कोंडला गेला, खाली गनीम, वर आभाळ, आणि पुढं नुसता पुठ्ठा.

"आदी बघितलं न्हाय का?" मी त्यांच्याच भाषेत गेलो.

"न्हाय जी. छत्तिसाव्या दिवशी कळलं, वाचता वाचता. समोर शंभर माणसं. बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. आता त्यांला काय सांगू, पुस्तक संपलं? म्या नजर पानावरच ठिवली आन् तसंच बोलत गेलो. वाटलं, आजचा दिवस निभावू, पुढची पानं कुठनं तरी आणू. पानं काय घावली न्हाईत. मग चार दिवस तसंच." ते मटकन खाली बसले. "एक घोडी घातली म्या. पुस्तकात घोडी न्हाय, व्हय ना?"

पुस्तकात घोडी नाही. मला शेवट तोंडपाठ आहे. हैबत गनिमाच्या वेढ्यातून रात्री दोरानं उतरतो, सगळं सोडून काशीला जातो आणि पुन्हा कधी दिसत नाही. अकराव्या वर्षी मी त्यावर तीन दिवस जेवलो नव्हतो.

"आज कुणी नानासाहेबांना घोडीचं इचारलं, आन् ते म्हनले, घोडी कुठली, तर? गावापुढं खोटा पडीन. ते जाऊ द्या. अमीनसाहेबांनी रोज लिवून घेतलंय. पुस्तकाबाहिरचं बोललो म्हणून इजाजत जाईल. वाचन बंद पडंल. तुमी नानासाहेबांला आदीच सांगून ठिवा जी. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! मी अंगणातला प्रसंग गिळला आणि होकार दिला.

आणि इथं मला माझी लाज सांगायची आहे, कारण ती लपवून हे प्रवासवर्णन लिहिलं तर ते खोटं होईल. मी सांगितलं नाही. नानासाहेब अंघोळ करून बाहेर आले, दोन धपाटी खाल्ली, खुशीत दिसले. माझ्या मनात आलं, ह्या माणसाला स्वल्पविराम हललेला चालत नाही, त्याला तीस पानांची बातमी दिली तर तो भडकेल आणि माझी परवानगी कायमची गेली. आधी माझं काम, मग अप्पांचं. पण माझं काम काढायला धीर होईना आणि वेळ निघून गेली. दारात ताशा वाजला. सभा सुरू होणार होती. अप्पांनी लांबून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनीच विचारलं. मी मान खाली घातली.

मोंढ्यातल्या छपराखाली पोती रचून बैठक केली होती. कळंबचेच नव्हे, आसपासच्या खेड्यांतले लोकही आले होते. लोहाऱ्याकडून आलेला एक मेंढपाळ दीड दिवस चालला होता, कारण त्याच्या मेव्हण्यानं कळंबात गोष्ट ऐकून त्याला सांगितली होती. बाया एका बाजूला. पुढं खुर्चीवर अमीनसाहेब, दाढी पांढरी, मांडीवर वही, हातात पेन्सिल. नानासाहेबांचं भाषण आधीच लिहून मंजूर करून घेतलेलं होतं. ते त्यांनी वाचलं. विषय होता 'वाङ्मयाचे प्रयोजन'. लोकांनी फार आदरानं ऐकलं आणि कुणाला काही कळलं नाही. शेजारचा एक हमाल मला हळूच म्हणाला, "बसलिंगप्पा ह्याच्यापेक्षा झ्याक वाचत्यात."

मग प्रश्नांची वेळ आली. कुणी उठेना. अप्पा खांबाशी पुस्तक उराशी धरून उभे होते, कपाळावर एवढ्या थंडीत घाम. मी मनात म्हणत होतो, कुणी काही विचारू नका, बाबांनो, हार घाला आणि घरी चला.

तेवढ्यात अमीनसाहेबांनी घसा साफ केला. पेन्सिल कानामागं खोचली.

"हजरत, इजाजत हो तो एकीच सवाल. वो घोडी जो थी, लंगडी. उस का पाँव बाद में अच्छा हुआ क्या नै?" आणि मग लोकांकडे पाहत मोडक्या मराठीत, "मला रोज वाटते. घरी बीवीपण विचारते."

"व्हय व्हय! घोडीचं सांगा!" सगळीकडून एकदम आवाज उठले.

"कुठली..." नानासाहेब म्हणाले आणि थांबले.

मी उठलो. काय बोलणार होतो, देव जाणे. पण नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. मग अप्पांच्या हातातल्या पुस्तकाकडे. स्वतःच्या पुस्तकाची जाडी लेखकाला माहीत असते. मग त्यांनी समोरची माणसं पाहिली, तो मेंढपाळ पाहिला, बाया पाहिल्या. कानटोपी काढली आणि पुन्हा घातली.

"बरा झाला," ते म्हणाले. "दोन महिने लागले."

"काय लावलं?" बायांतून एका म्हातारीनं विचारलं.

"हळद आणि... हळद आणि करडईचं तेल. रोज सकाळी. हैबत स्वतः चोळायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"म्या म्हनलं न्हवतं?" म्हातारी शेजारणीला म्हणाली. "लंगडी ऱ्हायची न्हाय ती."

"शुक्रिया," अमीनसाहेब म्हणाले, आणि कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. करडईच्या तेलासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, ताशावाल्यानं ताशा वाजवला. अप्पा खांबाला धरून खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. आणि मला, खरं सांगतो, नानासाहेबांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. अकराव्या वर्षी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त.

घरी आल्या आल्या नानासाहेबांनी अप्पांना समोर बसवलं. "हं. आता सांगा. पहिल्यापासून. कोण घोडी, कुठली घोडी, माझ्या पुस्तकात शिरली कशी?"

अप्पांनी हात जोडून सगळं कबूल केलं. मग सांगायला लागले. चढणीखाली सोडून दिलेली म्हातारी लंगडी घोडी धन्याचा आवाज ओळखून रात्रभर कशी चढते, पहाटे बुरुजाखाली कशी उभी राहते, हैबत तिच्यावर उडी टाकून खंदक कसा ओलांडतो आणि उजाडताना घरी कसा पोचतो. आई दारात सडा टाकत असते. ती आधी घोडीला पाणी दाखवते, मग लेकाला जवळ घेते. नजर मात्र अप्पांनी सगळा वेळ पुठ्ठ्यावर ठेवली होती. सवय झाली असावी.

नानासाहेब मधे मधे बोलत होते. "खंदक एवढा रुंद नव्हता, मी बारा हात लिहिलाय." "इथं इतकं रडायचं कारण नाही." आई घोडीला पाणी दाखवते तिथं मात्र ते तपकिरीची डबी शोधायला लागले. डबी हातातच होती.

"माझा शेवट बरा आहे," शेवटी ते म्हणाले. "वाङ्मय म्हणून बरा आहे. पण घोडी चांगली आहे. मला सुचायला हवी होती."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "नाना, हे मला सकाळीच माहीत होतं. अप्पांनी तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही रागावलात तर माझी परवानगी जाईल म्हणून."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, आणि त्यानंच जास्त लागलं. जेवताना नानासाहेबांनी दोनदा आमटी मागून घेतली आणि माझ्याकडे पाठ करून झोपले. माझी चार पानं गेली, असं मी धरून चाललो.

परतीच्या मोटारीत आम्ही दोघं शेजारी शेजारी. निघताना अप्पांनी दोघांच्याही हातात हुरड्याची पुरचुंडी दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "तुमी तरी कबूल झालात. म्या तर गावापुढं अजून गप्पच हाय. सोडा आता. मासिक काढताव म्हनं, ते आमाला धाडा. वाचून दावतो सगळ्यांला." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

येडशीला गाडी उशिरा आली. डब्यात नानासाहेब खिडकीशी बसले. उतार सुरू झाल्यावर एकदम म्हणाले, "काढा ती पानं."

मी ट्रंक उघडली. वरच पोचा आलेला डबा दिसला, म्हणून माकडाची गोष्टही सांगावी लागली. बारा पानं त्यांनी एकामागून एक पाहिली. सदूच्या हैबतवर बोट ठेवून म्हणाले, "नाक मोठं आहे." पुन्हा पहिल्यापासून पाहिली. समोर बसलेल्या बाईनं मान पुढं केली, तर तिच्याकडे पानं सरकवली. तिला वाचता येत नव्हतं. ती चित्रांवरून बोट फिरवत गेली आणि सहाव्या पानाशी हसली, तिथं मी हसू यावं म्हणूनच ते लिहिलं होतं. नानासाहेब तिच्याकडे बघत होते.

"ज्यानं न विचारता तीस पानं घातली त्याला मी एक शब्द बोललो नाही," ते म्हणाले. "तुम्ही तीन पत्रं लिहून, माकडाला लाडू चारून, विचारायला आलात. तुम्हाला नाही कुठल्या तोंडानं म्हणू? कागद द्या."

मी ट्रंक उलटीपालटी करून कागद काढला. त्यांनी गुडघ्यावर ठेवून लिहायला सुरुवात केली. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. मी न राहवून म्हणालो, "नाना, स्वल्पविरामही हलवणार नाही. शेवट तुमचाच, काशीचा, जसाच्या तसा घेतो."

त्यांनी लेखणी थांबवली.

"मासिक कळंबला पाठवणार आहात ना?"

"हो. शब्द दिलाय अप्पांना."

"आणि तिथं ते सगळ्यांना दाखवणार. अमीनसाहेबही बघणार. मग माझा शेवट घालून चालेल कसं?"

मला क्षणभर समजलं नाही. मग घोडी आठवली. त्यांनी उरलेली ओळ लिहिली, सही केली आणि कागद माझ्याकडे न बघता पुढं केला. मग कानटोपी डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घेतलं.

पुण्याला पोचलो तेव्हा संपादक मुद्रितंच तपासत होते. मी कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचला: "'नागझरीचा किल्लेदार' या माझ्या कादंबरीची चित्रकथा करण्यास माझी संमती आहे. शेवट मात्र कळंबच्या प्रतीप्रमाणे घ्यावा."

"ही कुठली प्रत?" त्यांनी विचारलं. "मी मूळ पुस्तक वाचलंय. कळंबची काही वेगळी आवृत्ती आहे का?"

मी तिथं काय काय पाहिलं, ते सांगायला दोन तास लागले असते आणि छापखान्यात खिळे जुळवायला माणूस खोळंबला होता. मी एवढंच म्हणालो, "आहे. लेखकानं स्वतः तपासून दिलेली." आणि सदूकडे धावलो, कारण त्याला अजून घोडी काढायची होती.